शिष्याची ओळख : ‘द डिसायपल’ पाहताना

मराठी चित्रपट आणि वारकरी यांचे नाते जुने आहे. १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला आणि तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. त्या एका भूमिकेनंतर लोक त्यांना वाटेत थांबवून नमस्कार करीत, असे जुनी माणसे सांगत. हा चित्रपट १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. टाळ-वीणेचा आवाज इतक्या दूर पोचला, याचा आनंद आपल्या आजोबा-पणजोबांनी मानला असेल.

त्यानंतर ८३ वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, गाण्याच्या साधनेवरचाच आणखी एक मराठी चित्रपट त्याच व्हेनिसच्या महोत्सवात गेला. त्याचे नाव ‘द डिसायपल’, म्हणजे शिष्य. लेखक-दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे. पटकथेसाठी त्याला तिथे पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो घरबसल्या पाहता येऊ लागला. यात संत नाहीत, चमत्कार नाही, पंढरपूर नाही. मुंबईत राहून शास्त्रीय गायन शिकणाऱ्या एका तरुणाची ही गोष्ट आहे. वारकऱ्यांच्या मासिकात तिची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. गुरू, साधना, वैराग्य, परंपरा, सेवा हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. हे शब्द मनापासून खरे मानणाऱ्या एका माणसाचे काय होते, ते हा चित्रपट दाखवतो. म्हणून तो आपल्याही कामाचा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. शरद नेरूळकर हा विशीतला तरुण अलवर घराण्याच्या एका वृद्ध गुरुजींकडे गाणे शिकतो. गुरुजी मोठे आहेत, पण नामवंत नाहीत. त्यांच्या मैफलीला मोजकेच श्रोते असतात आणि बिदागीही बेताचीच. शरद त्यांच्या अंगाला तेल चोळतो, त्यांना दवाखान्यात नेतो, पैशांचे पाहतो. गुरुजींच्या गुरू म्हणजे माई. त्या कधी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ देत नसत. त्यांच्या व्याख्यानांच्या काही दुर्मीळ फिती मात्र शरदकडे आहेत. रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकल हळूहळू चालवत तो त्या ऐकतो. संगीत हा ईश्वराकडे जाण्याचा मार्ग आहे, त्यासाठी एकटेपण आणि उपास पत्करावे लागतात, श्रोत्यांसाठी गायचे नसते, असे माईंचे सांगणे. शरदचे वडीलही गाणारेच होते. गाण्यात नाव करता न आलेल्या त्या बापाने आपली तहान मुलाच्या घशात ओतली. लहानपणी मित्र खेळायला बोलावीत असताना त्याला तंबोऱ्यापुढे बसवले.

शरद कष्टाळू आहे. रियाज चुकवत नाही. नोकरी, लग्न, सुख हे सारे त्याने बाजूला ठेवले आहे. तरीही गळ्यात जे यायला हवे ते येत नाही. स्पर्धेत त्याचा नंबर लागत नाही. मैफलीत गुरुजी लोकांदेखत त्याला दुरुस्त करतात. वर्षे जातात, केस विरळ होतात, पोट सुटते. एका मैफलीत गाता गाता तो थांबतो आणि मंचावरून उठून निघून जातो. त्यानंतर तो जुन्या गायकांचे ध्वनिमुद्रण जतन करून विकण्याचा व्यवसाय करतो, संसार थाटतो. शेवटी आपण त्याला पत्नी आणि लहान मुलीसह लोकलच्या डब्यात पाहतो. डब्यातून तंतुवाद्य वाजवत, गात एक फिरता गायक जातो. तिथे चित्रपट संपतो.

शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही खरोखरीचे गायक. द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांचे शिष्य. त्यामुळे तंबोरा कसा धरतात, शिष्य गुरूच्या मागे कसा बसतो, सूर लावताना चेहरा कसा होतो, यातले काहीच उसने वाटत नाही. कॅमेराही लांब उभा राहून शांतपणे पाहतो, घाई करत नाही. कीर्तनात तीन-तीन तास उभे राहण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना या संथपणाचा कंटाळा येणार नाही. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट सर्वत्र पाहता येऊ लागण्यापूर्वी थोडेच दिवस आधी त्या गेल्या. अंधारातून येणारा तो शांत, ठाम आवाज ऐकताना आपल्यातल्या पुष्कळांना एखाद्या साधकाचे प्रवचन ऐकत असल्यासारखे वाटेल.

पण तिथेच जरा थांबून नीट ऐकायला हवे.

माईंचे शब्द आपल्या शब्दांच्या फार जवळचे आहेत. वैराग्य हवे, मनाची शुद्धी हवी, लौकिकाची हाव नको. यातले कोणते वाक्य आपण नाकारू? तरी या शिकवणीत एक गोष्ट कुठेच येत नाही, ती म्हणजे संगत. माईंच्या वाटेवर साधक एकटा आहे. देव असलाच तर फार वर, फार दूर आहे, आणि तिथे पोचेपर्यंत वाटेत कोणी भेटायचे नाही. शरदला मोटारसायकलवर एकट्यानेच दाखवले आहे, रस्ताही रिकामा आहे. आपल्या संतांची वाट याच्या उलट आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला आजची घडी दिली, तेव्हा त्यांनी माणसांच्या रांगा लावल्या, दिंड्यांना क्रम दिला, एकाच्या आवाजाला दुसऱ्याचा आवाज जोडून दिला. आपल्याकडे साधना चालत्या गर्दीत होते. ज्याचा आवाज थकला त्याचे धृपद शेजारचा उचलतो. म्हणून या परंपरेत एकट्याचे अपयश हे नुसते एकट्याचे राहत नाही.

शरदच्या दुःखाचे मूळ त्याला कला कमी मिळाली यात आहे, असे बहुतेकांनी म्हटले. मला तसे वाटत नाही. गळा कमी मिळालेली माणसे जगात पुष्कळ आहेत आणि ती सुखाने गातात. त्याचे दुःख दुसरीकडे आहे. त्याला गाण्यापेक्षा शुद्ध असण्याची ओढ जास्त आहे. चित्रपटात त्याला आनंदाने गाताना आपण क्वचितच पाहतो. तो तपासत असतो, मोजत असतो, इतरांकडे पाहत असतो. दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एक साधी मुलगी येते, पुढे तिचे कपडे बदलतात, गाणे बदलते, ती झगमगाटात हरवते. शरद हे सारे तिरस्काराने पाहतो, पण पाहणे सोडत नाही. त्याच्या गायन-वर्गातला एक मुलगा बँडमध्ये गाऊ इच्छितो, तर शरद त्या मुलाला आणि त्याच्या आईला टाकून बोलतो. जो खरोखर देवघरात बसला आहे त्याला बाहेरच्या बाजारावर एवढा राग का यावा? आपण अपवित्र नाही, हे स्वतःला पटवून देण्यातच त्याची निम्मी शक्ती खर्च होते.

हा रोग आपल्याला नवा नाही. वारी किती झाल्या याचा हिशेब ठेवणारे, दुसऱ्याच्या गळ्यातल्या माळेकडे बारकाईने पाहणारे, अमक्याच्या कीर्तनात सिनेमाची चाल आली म्हणून आठवडाभर तेच बोलणारे आपल्यातही असतात. त्यांचे म्हणणे कधी कधी बरोबरही असते. कीर्तनात सिनेमाची चाल नकोच. पण त्या बोलण्यातला रस नामाचा आहे की अभिमानाचा, हे ज्याचे त्याला आत कळत असते. शरदच्या कपाळावरच्या आठीत आपली आठी दिसली, तर चित्रपट पाहिल्याचे सार्थक झाले म्हणावे.

चित्रपटातला सर्वात कठीण प्रसंग एका जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकाचा आहे. या गृहस्थाकडे दुर्मीळ गाण्यांचा साठा आहे आणि पडद्यामागच्या सगळ्या गोष्टी त्याला ठाऊक आहेत. शरद त्याला भेटतो. बोलता बोलता तो माईंबद्दल, गुरुजींबद्दल आणि गाण्याच्या जगातल्या मोठमोठ्या नावांबद्दल अशा कडवट गोष्टी सांगू लागतो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढचे देव्हारे कोसळावेत. शरद काही वेळ ऐकून घेतो आणि मग पेल्यातले पाणी त्याच्या तोंडावर फेकतो.

त्या गोष्टी खऱ्या की खोट्या, हे चित्रपट सांगत नाही. तिथेच त्याचा प्रामाणिकपणा आहे आणि तिथेच वारकरी वाचकाची परीक्षा आहे. पाणी फेकलेले पाहून आपल्याला क्षणभर बरे वाटते. गुरुनिंदा ऐकू नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेले आहे. पण पाणी फेकल्याने शरदची शंका विझत नाही. तो पुढची कित्येक वर्षे त्याच फिती ऐकत राहतो, आणि आता त्या ऐकण्यात पूर्वीचा विश्वास नाही. संतापून केलेला बचाव मनातल्या मनात हरतो तो असा.

मग शिष्याने करावे काय? मला वाटते, इथे आपल्या परंपरेकडे देण्यासारखे काही आहे. वारकरी संप्रदायात गुरूला मान आहेच, पण गुरूच्याही वर ग्रंथ आणि नाम आहे. माळ घालणारा महाराज उद्या चुकला तरी माळ खोटी ठरत नाही, ज्ञानेश्वरी खोटी ठरत नाही. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिच्यामुळे ज्ञानेश्वरी, गाथा आणि भागवत शिकण्याची वाट एखाद्या फडाच्या किंवा घराण्याच्या मुलांपुरती राहिली नाही. कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा मुलगा तिथे शिकू शकतो. विद्या एका माणसाच्या मुठीत असली की त्या माणसाचे दोष विद्येलाच चिकटतात. शरदची विद्या माईंच्या आणि गुरुजींच्या मुठीत आहे. मूठ मळकी निघाली तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. त्याची सारी ओळख ‘अमक्याचा शिष्य’ या दोन शब्दांवर उभी असते.

‘अमक्याचा’ असणे वाईट, असा याचा अर्थ नाही. जनाबाई आपली ओळख नामदेवांची दासी अशीच सांगतात. पण जनाबाईंची ती ओळख त्यांना लहान करत नाही. त्या दळतात, कांडतात, शेणी वेचतात आणि त्या कामातच विठ्ठलाला हात लावायला बोलावतात. त्यांचे नाते थेट आहे. नामदेवांचे मोठेपण कमी-अधिक झाले म्हणून जनाबाईंचे जाते थांबले नसते. शरदला असे स्वतःचे जाते नाही, आणि त्याच्या पोरकेपणाचे कारण मला त्यातच दिसते.

आणि तरीही या शिष्याने एक गोष्ट निर्मळपणे केली आहे, जी त्याच्याही लक्षात येत नाही. ती म्हणजे गुरुजींची सेवा. गुरुजी म्हातारे होत जातात, त्यांच्याकडून आता फारसे मिळण्यासारखे नसते, नावाचाही फायदा नसतो. तरी शरद त्यांना सोडत नाही. तेल चोळताना, औषधपाणी पाहताना त्याच्या हातात जी माया दिसते ती त्याच्या गाण्यात दिसत नाही. तो ही सेवा विद्येची किंमत म्हणून करतो असे त्याला वाटत असावे. पाहणाऱ्याला मात्र वाटते की हेच त्याचे खरे गाणे होते. माईंच्या फितींत या कामाला कुठेच जागा नाही. साधनेच्या मोठमोठ्या शब्दांनी त्याला ज्या ईश्वराचे आमिष दाखवले, तो त्या म्हाताऱ्या पाठीवर तेल चोळताना त्याच्या अगदी जवळ होता, असे म्हटले तर आपल्या परंपरेत ते अतिशयोक्तीचे ठरू नये. पुंडलिकाची गोष्ट आपण दुसऱ्या कोणत्या अर्थाने सांगतो?

इथे चित्रपटाविषयी एक तक्रारही नोंदवली पाहिजे. यातल्या स्त्रिया फार पुसट आहेत. आजी घरात आहे, आई फोनवर आहे. नोकरीचे काय, लग्नाचे काय, एवढेच विचारायला जणू आईला ठेवले आहे. बायको तर शेवटी येते आणि तिचे मन आपल्याला कळतच नाही. माई ही एकच स्त्री मोठी आहे आणि तिला देह नाही, केवळ आवाज आहे. शरदच्या तपासाठी घर चालवणारे, रांधणारे, त्याची वाट पाहणारे हात कोणाचे, हा प्रश्न चित्रपटाने विचारायला हवा होता. साधकाच्या वैराग्याची किंमत घरातल्या बाईने मोजायची, ही रीत आपल्याकडेही कमी नाही. तुकोबांच्या आवलीची बाजू आपण कीर्तनात हसण्यासाठी सांगतो. ती कधी रडण्यासाठीही सांगावी.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

रेवस-मांडव्यापासून थळ, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा आणि पुढे मुरूड, श्रीवर्धनपर्यंत क्वचितच एखादे गाव असेल जिथे भजनी मंडळ नाही. कोळीवाड्यात आहे, आगरी पाड्यात आहे, वाडीत सुपारी काढणाऱ्यांचे आहे. मुंबईला गिरणीत गेलेली माणसे तिथेही चाळीत भजन घेऊन बसली आणि सणाला लाँचने परतताना नवी चाल घेऊन आली. अलिबागजवळच्या वरसोलीला कार्तिकात विठोबाची यात्रा भरते. खोपोलीजवळ साजगावला भरते, तिथे तुकोबा व्यापारासाठी येत असत अशी श्रद्धा आहे. या सगळ्या ठिकाणी जो गातो, तो कोणाचा तरी शिष्य असतो. बुवांकडे पेटी शिकलेला, पखवाजाचे बोल तोंडाने म्हणत होडीवर जाळे ओढणारा, दिवसभर एसटीची तिकिटे फाडून रात्री सप्ताहात उभा राहणारा. त्यांच्यातही शरद आहेत. वीस-वीस वर्षे गातात, गळा तेवढाच राहतो. शेजारच्या गावचा कालचा पोरगा आलाप घेतो आणि सगळी सभा त्याच्याकडे वळते. त्या वेळी मागच्या ओळीत बसलेल्या जुन्या गायकाच्या छातीत जे होते, ते या चित्रपटाने जितके खरे पकडले आहे तितके फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

अशा माणसाला आपण काय सांगतो? बहुधा एवढेच की देवाला भाव लागतो, सूर नाही. हे सांगणे खरे आहे, पण अर्धे. संतांनी भावाच्या नावाखाली आळस खपवून घेतला नाही. ज्ञानोबांची ओवी नऊ हजारांवर जाते आणि तिचा तोल सुटत नाही. भजनात ताल सुटला तर पखवाजवाल्याला शंभर माणसे सांभाळून आणावी लागतात, म्हणजे माझ्या आळसाचा भार दुसऱ्याच्या बोटांवर पडतो. म्हणून रियाज हा भक्तीचाच भाग आहे. शरदचा रियाज चुकीचा नव्हता. रियाजाच्या शेवटी आपल्याला कोणीतरी मोठे म्हणून ओळखावे, ही जी अट त्याने न कळत घातली होती, तिने त्याला पोखरले.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या सप्ताहात उभे आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस पहारे लागतात. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला ज्याच्या गळ्यात वीणा असते, त्याचा आवाज बहुतेक वेळा घोगरा असतो. समोर श्रोता नसतो. समईची वात आणि पेंगणारा एखादा म्हातारा, एवढीच सभा. तास भरला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, त्याच्या पाया पडतो आणि घरी जातो. तो कसा गायला, हे कोणी विचारत नाही. पण त्याने पहारा चुकवला असता तर सप्ताह खंडला असता. गळा कसाही असो, त्याच्यावाचून अडले असते, ही ओळख त्याला मिळते. शरदला आयुष्यात कोणी असा पहारा दिला नाही. त्याला मंच तेवढा मिळाला, आणि मंचावर ज्याच्यावाचून अडते अशी माणसे फार थोडी असतात.

हे लिहिताना आपली बाजू फार उजळ करून दाखवण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. आपल्याकडेही मंच येऊ लागला आहे. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, तिथे कोण कोणाला गप्प करतो याकडेच लोकांचे लक्ष असते. कीर्तनात गायनाचार्य चाल इतकी लांबवतात की कीर्तनकाराचे चिंतन बाजूला राहते. ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहतात. मोबाइलवर किती जणांनी पाहिले, याचा आकडा काल्याच्या प्रसादाआधी सांगितला जातो. कीर्तनाचे मोल घेऊ नये ही तुकोबांची ताकीद आपण पाठ म्हणतो आणि तारीख ठरवताना आधी आकड्याचे बोलतो. कीर्तनकारालाही पोट आहे, प्रवास आहे, मुले आहेत, हे मान्य. पण ज्या दिवशी गावातला घोगऱ्या आवाजाचा वीणेकरी आपल्याला सप्ताहाच्या पत्रिकेतून वगळावासा वाटेल, त्या दिवशी शरदचे दुःख आपण आपल्या हाताने गावात आणले असे समजावे.

चित्रपटाचा शेवट अनेकांना निराशेचा वाटला. मंचावरून उठून जाणे म्हणजे हार, असे त्यांनी मानले. मला त्या उठण्यात पहिल्यांदा खरेपणा दिसला. जे आपल्याजवळ नाही ते आहे असे भासवणे त्याने त्या क्षणी थांबवले. पुढे तो जुन्या गायकांचे आवाज जपण्याचे काम घेतो. तेही वाईट नाही. ज्याला गाता येत नाही त्याने गाणे सांभाळावे. गाथा लिहून ठेवणारे, पोथ्या उतरवणारे हात कुणाचे, हे आज कोणाला ठाऊक नाही, पण त्यांच्यामुळेच अभंग आपल्यापर्यंत आले.

आणि शेवटचा तो लोकलचा डबा. गर्दीतून एक फाटका माणूस गात येतो. त्याचे घराणे कोणी विचारत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही, कोणी चार पैसे देतो, कोणी खिडकीबाहेर पाहतो. तो गातो आणि पुढच्या डब्याकडे निघून जातो. शरद आपल्या मुलीजवळ बसून ते ऐकतो. दिग्दर्शक इथे काहीच बोलत नाही. माईंच्या फितींनी ज्या निरपेक्ष गाण्याचे वर्णन केले, जे शोधण्यात शरदचे तारुण्य गेले, ते बहुधा हेच असेल. ते इतके स्वस्त आणि इतके जवळ असेल हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला आता तरी ते कळले का, हे मात्र चित्रपट उघड करत नाही, आणि ते बरे केले. फिरत्या गायकाला संत ठरवून टाकले असते तर तो खोटेपणा झाला असता. त्यालाही भूक आहे आणि त्याची भूक आपण भक्तीच्या नावाने विसरू नये.

‘संत तुकाराम’ चित्रपटाची एक गोष्ट इथे आठवते. त्यासाठी शांताराम आठवले यांनी एक रचना लिहिली होती. ती इतकी मिसळून गेली की आजही पुष्कळ लोक ती तुकोबांचीच समजून गातात. एखाद्या कवीला याचे दुःख व्हावे की सुख? ज्याची ओळख आपल्या नावात अडकलेली आहे त्याला दुःख होईल. ज्याने आपला शब्द परंपरेच्या पाण्यात सोडला त्याला यापेक्षा मोठा मान नाही. पागनीसांचेही तेच झाले. लोकांनी नमस्कार त्यांना केला, पण तो पोचला तुकोबांना. शरद मात्र आयुष्यभर नमस्कार आपल्या नावावर यावा याची वाट पाहत राहिला.

संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले आहे, ही गोष्ट तितकीच खरी. नाव पुसून टाकणे हीच भक्ती, असे त्यांनी म्हटले नाही. चोखोबांनी, जनाबाईंनी, सोयराबाईंनी आपली मुद्रा ठामपणे ठेवली, कारण जगाने त्यांना नावच ठेवू दिले नव्हते. पण ती मुद्रा येते शेवटच्या चरणात. आधी देव, मग लोक, मग आपले मन, आणि सर्वांत शेवटी साक्ष द्यायला नाव. हा क्रम उलटला की गाणारा माणूस शरदसारखा तळमळतो, मग त्याचा गळा कितीही चांगला असो.

हा चित्रपट कुटुंबातल्या जाणत्या माणसांनी एकत्र बसून पाहावा. काही प्रसंग तरुण देहाच्या तळमळीचे आहेत, ते लहान मुलांसाठी नाहीत. पाहून झाल्यावर गावातल्या एखाद्या जुन्या गायकाची आठवण काढावी, जो आता भजनाला यायचा बंद झाला आहे. का आला नाही, असे विचारायला त्याच्या घरी जावे. येत्या सप्ताहात एक पहारा त्याच्यासाठी राखून ठेवावा, आणि तो मोकळा ठेवला आहे हे त्याला सांगावे.

रामकृष्ण हरी.